घसारा कुणाचा?

गेल्या महिन्यात एका शनिवारी घरकामगार बायकांची बैठक लवकर आटोपली. कार्यालयात मी, माझी एक सहकारी आणि पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी, एवढ्याच उरलो होतो. सहकारी संगणकावर एक चित्रफीत पाहत बसली होती. जेनी निकल्सन नावाच्या अमेरिकी तरुणीने २०२४ च्या मे महिन्यात ती प्रसिद्ध केली. एका हॉटेलातल्या दोन रात्रींची कैफियत, आणि लांबी चार तासांहून जास्त! ‘एका हॉटेलाची तक्रार करायला चार तास?’ मावशी हसल्या. मग त्यांनी भाडे विचारले. दोघांचे दोन रात्रींचे दर ४,८०९ डॉलरच्या आसपास सुरू होत, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेतीन लाख रुपयांच्या वर, हे ऐकल्यावर त्या हसायच्या थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मग खोली झाडणारीला काय देत असतील?’

हॉटेलावर एवढे लिहिले-बोलले गेले आहे, पण मावशींचा प्रश्न त्यात फारसा कुणी विचारलेला दिसला नाही. म्हणून हा लेख.

आधी हे हॉटेल काय होते ते सांगायला हवे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची प्रचंड मोठी थीम पार्कची वसाहत आहे. तिथे १ मार्च २०२२ रोजी ‘स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ सुरू झाले. हॉटेल म्हणायचे ते आपल्या सोयीसाठी. कंपनीच्या लेखी ते अंतराळातून प्रवास करणारे जहाज होते, नाव ‘हॅल्सियन’. खोल्या नव्हत्या, केबिनी होत्या, बरोबर शंभर. केबिनीच्या खिडकीत काच नव्हती, पडदा होता आणि त्यावर तारे सरकत. सगळ्या पाहुण्यांनी एकाच दिवशी ‘जहाजावर’ चढायचे, दोन रात्री राहायचे आणि एकदमच उतरायचे. मधल्या वेळात तलवारबाजी शिकायची, जहाज चालवायला शिकायचे, पार्कमध्ये जाऊन ‘दुसऱ्या ग्रहावर’ फिरून यायचे. जहाजावर कप्तान, गायिका, सफरीची व्यवस्थापक, शत्रुसैन्याचा अधिकारी अशी पात्रे वावरत असत. ती नुसती रंगमंचावर नसत. जेवणाच्या टेबलाशी, जिन्यात, रात्री उशिरा मद्यपानाच्या दालनात ती तुम्हाला भेटत, कानात गुपिते सांगत, तुम्हाला कटात सामील करून घेत. म्हणजे दोन दिवस चाललेल्या नाटकात राहायला जायचे, असा सगळा मामला.

१८ मे २०२३ रोजी कंपनीने हे बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरअखेर शेवटची सफर झाली. दीड-पावणेदोन वर्षांत खेळ खलास. २०१७ मध्ये घोषणा झाली होती. म्हणजे कल्पनेपासून उभारणीपर्यंत जेवढा काळ गेला त्याच्या निम्माही काळ ते चालले नाही.

बंद का पडले याचे उत्तर सगळ्यांना पाठ आहे: दर फार होता. खरे आहे, पण ते उत्तर अर्धेच आहे. दर एवढा का ठेवावा लागला असे विचारले की लगेच म्हणतात, माणसे फार लागत होती. आणि इथे मात्र आपण बायकांनी कान टवकारायला हवेत. ‘माणसे फार लागतात, म्हणून परवडत नाही’ हे वाक्य आपण पाळणाघराबद्दल, शुश्रूषेबद्दल, अंगणवाडीबद्दल ऐकलेले आहे.

जरा आकडेमोड करू. शंभर केबिनी, प्रत्येकी पाच ते सहा हजार डॉलर धरले तर सगळे जहाज भरून एका सफरीला पाच-सहा लाख डॉलर येतात. आकडा मोठा दिसतो, पण त्याला वरून झाकण आहे. एकशे एकावी केबिन नाही. पार्कमधला मोठा पाळणा किंवा आगगाडीसारखी सफर तासाला हजार-दीड हजार माणसे फिरवते. ती चालवणारे कर्मचारी तेवढेच, रांग वाढली तरी खर्च वाढत नाही, आणि तोच माणूस त्याच दिवशी पुन्हा रांगेत उभा राहतो. थीम पार्कचा सगळा नफा या पुनरावृत्तीवर उभा आहे. साधे हॉटेलही तसेच चालते. आज दहा खोल्या रिकाम्या झाल्या, उद्या पंधरा. काम आठवडाभर पसरते, मागणी घटली की दर खाली आणता येतो. स्टारक्रूझरला यातले काही करता येत नव्हते. जहाज अर्धे भरलेले असले तरी कप्तान पूर्ण लागते, गायिका पूर्ण लागते. आणि एकदा गोष्ट कळल्यावर एवढे पैसे देऊन तीच गोष्ट पुन्हा जगायला किती कुटुंबे येणार?

यातली मेख दोन अर्थतज्ज्ञांनी फार पूर्वी दाखवली आहे. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिले. कारखान्यात यंत्रे येतात, तासाला निघणारा माल वाढतो, त्यातून मजुरी वाढवता येते. पण तासाभराचे कीर्तन आजही तासाभरातच होते (उदाहरण माझे, त्यांचे वाद्यसंगीताचे होते). बुवांनी दुप्पट वेगाने कीर्तन केले तर त्याला उत्पादकता वाढली असे कुणी म्हणणार नाही. म्हणजे ज्या कामात माणसाने माणसाला वेळ देणे हाच माल असतो, ते काम इतर वस्तूंच्या तुलनेत दरवर्षी महागच होत जाणार. हा त्या कामाचा स्वभाव आहे, दोष नाही. लहान मुलाला भरवणे, म्हाताऱ्या माणसाची कूस बदलणे, बाळंतिणीजवळ रात्रभर बसणे, सगळे याच जातीचे. जगभर ही कामे स्वस्त राहिली, कारण ती बायकांकडून फुकट किंवा जवळपास फुकट करून घेतली गेली. डिस्नेने जे विकायला काढले ते याच जातीचे काम होते. फक्त त्याला अंतराळाचा झगा घातला होता आणि ते दुकानात मांडले होते. दुकानात मांडल्याबरोबर त्याची खरी किंमत दिसायला लागली.

मग कंपनीने काय केले? पाहुण्याच्या हातात मोबाइलचे ॲप दिले. पात्रांचे निरोप त्यावर येत, पाहुण्याने कुणाची बाजू घेतली ते त्यावर नोंदले जाई आणि पुढची कथा त्यावरून ठरे. केबिनीत बोलणारा एक यंत्रमानव होता. निकल्सनबाईंची मुख्य तक्रार नेमकी इथे आहे. ॲपने त्यांची कथा पुढे नेलीच नाही, आणि दोघी बहिणींचे सहा हजारांहून जास्त डॉलर मोजूनही त्या कथेबाहेरच राहिल्या. (रात्रीच्या जेवणाला त्यांची खुर्ची खांबामागे आली, गाणारी दिसेना. आपल्याकडे नाट्यगृहात असे झाले असते तर पहिल्या अंकातच व्यवस्थापकाला बोलावले असते.) पण जिथे हाडामांसाचे नट समोर आले त्या प्रसंगांबद्दल त्या भरभरून बोलतात. म्हणून ‘माणसे महाग पडली’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. लोक ज्यासाठी पैसे देत होते ती माणसेच होती. त्यांच्या जागी यंत्र बसवले तिथेच ग्राहक नाराज झाला.

या जहाजाची कप्तान बाई होती, निळ्या कातडीची, करारी. सफरीची व्यवस्थापक बाई, मुख्य गायिकाही बाई. पोरींना कप्तान बाई दिसली हे चांगलेच झाले, त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. पण कप्तानाच्या पोशाखातली नटी काय काम करत होती ते पाहू. सकाळपासून रात्रीपर्यंत पात्रात राहायचे. पाहुणे मुले असोत, प्यालेले पुरुष असोत, की ‘एवढे पैसे मोजलेत’ असे डोळ्यांत लिहिलेले असो, प्रत्येकाला तो एकटाच आपल्या कटातला साथीदार आहे असे वाटायला लावायचे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. विमानात ते काही तासांचे असते. इथे ते दोन दिवसांचे होते, आणि तिकिटाचा सगळा माल तोच होता.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. नटीला निदान टाळ्या मिळत. सगळे पाहुणे एकदम येतात आणि एकदम जातात याचा अर्थ खोल्या झाडणारीच्या बाजूने काय होतो? सकाळी शंभर केबिनी रिकाम्या होणार आणि दुपारी नवे प्रवासी चढणार. ज्यांनी मंगल कार्यालयात काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको: सकाळचे लग्न उठते, दुपारी दुसरे वऱ्हाड दारात, आणि मधल्या तीन तासांत सगळे लखलखीत. साध्या हॉटेलात आठवड्याभरात पसरणारे काम इथे काही तासांत कोंबले जाते. पलंग तेवढेच, गाद्या तेवढ्याच जड. त्यात ही केबिन जहाजाची, म्हणून भिंतीत कोरलेले वर-खाली पलंग. एका पाठोपाठ एक असे किती पलंग वाकून करायचे?

अमेरिकेतल्या पन्नास हॉटेलांच्या नोंदींवरून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हॉटेलातल्या सगळ्या कामांमध्ये दुखापतीचे प्रमाण खोल्या आवरणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त निघाले: वर्षभर काम करणाऱ्या शंभरांमागे ७.९. त्यातही लॅटिन अमेरिकी वंशाच्या बायकांना गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त दुखापती होत होत्या. खांदा, कंबर, मनगट. आपल्या घरकामगार बायकांच्या आरोग्य शिबिरात डॉक्टर जी यादी लिहितात तीच.

पगाराचे सांगते. जहाज पाण्यात सोडले (अंतराळात म्हणायचे!) तेव्हा डिस्ने वर्ल्डमध्ये कामगार संघटनांच्या करारानुसार किमान वेतन तासाला १५ डॉलर होते. तेही आपोआप मिळालेले नाही. २०१८ पर्यंत ते १० डॉलर होते, आणि सहा संघटनांच्या संयुक्त मंडळाने भांडून १५ वर आणले. १५ डॉलरच्या हिशेबाने ४,८०९ डॉलर मिळवायला ३२० तास लागतात. आठवड्याचे चाळीस तास धरले तर बरोबर आठ आठवडे, कर कापायच्या आधी, एक पैसाही खर्च न करता. मी मावशींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तिलाही नाही परवडायचं.’

२०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने तासाला एक डॉलर वाढ देऊ केली, तेव्हा ९६ टक्के मतांनी कामगारांनी ती फेटाळली. मार्चमध्ये करार झाला: वर्ष संपायच्या आत किमान १८ डॉलर. सुमारे ४५ हजार कामगारांना तो लागू झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी स्टारक्रूझर बंद होत असल्याची घोषणा झाली. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याची घाई करू नये. शंभर केबिनींचे दुखणे जुने होते. पण वेतनवाढीमुळे धंदे बुडतात असे सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तोच करार लागू असलेली डिस्ने वर्ल्डमधली बाकीची हॉटेले चालूच राहिली.

या कंपनीत कामगाराला कामगार म्हणत नाहीत. झाडू मारणारा असो, तिकीट फाडणारी असो, सगळे ‘कास्ट मेंबर’, म्हणजे नाटकातले कलाकार. गणवेश नसतो, वेशभूषा असते. गिऱ्हाईक नसते, पाहुणा असतो. आपल्याला हे हसू आणते, पण आपल्याकडे अंगणवाडीतल्या बाईला ‘सेविका’ म्हणतात आणि तिच्या पगाराला ‘मानधन’. मान द्यायचा आणि धन रोखायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, त्यासाठी किती वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या! पगाराला दुसरे नाव दिले की पगार मागणे असभ्य वाटू लागते. डिस्नेच्या कॅलिफोर्नियातल्या पार्कमध्ये मिकी, राजकन्या वगैरे पात्रे करणाऱ्यांनी आणि मिरवणुकीतल्या नर्तकांनी २०२४ च्या मे महिन्यात मतदान करून नटांच्या संघटनेत जायचे ठरवले: ९५३ विरुद्ध २५८. राजकन्येलाही पाळीचे चार दिवस असतात, पाठ धरते, न धुतलेला पोशाख दुसऱ्याच्या घामाचा वास देतो. हे बोलायला तिला संघटना लागली.

त्याच कॅलिफोर्नियातल्या पार्कच्या सुमारे पाच हजार कामगारांची पाहणी २०१८ मध्ये झाली होती. तिच्यात ११ टक्क्यांनी सांगितले की मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी आपल्याला स्वतःचे असे घर नव्हते. फ्लोरिडातले चित्र पाहायचे असेल तर शॉन बेकर या दिग्दर्शकाचा ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ (२०१७) मिळवून पाहावा. डिस्ने वर्ल्डच्या वेशीवर, किसिमी गावातल्या महामार्गालगत पर्यटकांसाठी बांधलेली स्वस्त मोटेले आहेत. घर परवडत नाही अशी कुटुंबे तिथे आठवड्याच्या भाड्याने राहतात. चित्रपटातली एकटी आई आणि तिची सहा वर्षांची मुलगी अशाच एका जांभळ्या मोटेलात राहतात, नाव ‘मॅजिक कॅसल’. रहिवासाचा हक्क लागू नये म्हणून त्यांना अधूनमधून एका रात्रीपुरती खोली खाली करायला लावतात. तेही थीम हॉटेलच म्हणायचे. फक्त तिथली गोष्ट दोन रात्रींनी संपत नाही.

जहाज बंद झाले तेव्हा कंपनीने आपल्या हिशेबात काय लिहिले ते सार्वजनिक आहे. २०२३ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत स्टारक्रूझर बंद करण्यापोटी सुमारे १० कोटी डॉलर ‘वेगवर्धित घसारा’ म्हणून दाखवला गेला. इमारत वीस-तीस वर्षे झिजणार असे धरून तिची किंमत थोडी थोडी खर्ची टाकायची असते. ती लवकर मोडीत निघाली तर उरलेली झीज भराभर लिहून टाकायची, असा हा प्रकार. कायदेशीर आहे, हिशेबाच्या दृष्टीने रास्तही आहे. मला फक्त शब्दाने अडवले. घसारा! भिंतीला घसारा आहे, गालिच्याला आहे, पडद्यावर तारे दाखवणाऱ्या यंत्राला आहे. पलंग करणारीच्या खांद्याला तो रकाना नाही. तिची झीज हिशेबात येते ती रजेच्या अर्जात किंवा दवाखान्याच्या बिलात, आणि तेही तिच्या स्वतःच्या वहीत.

इथपर्यंत लिहून मी जरा थांबले, कारण मला आमच्याच निवासी शिबिराची आठवण झाली. दोन दिवस, साठ बायका, सगळ्या एकदम येणार आणि एकदम जाणार, जेवणखाण आत, गाणी, खेळ, पथनाट्य. आम्ही काय वेगळे हॉटेल चालवत होतो! गेल्या वर्षी नावनोंदणी कमी होती, पैसे कमी पडत होते. अंदाजपत्रक माझ्याकडे होते. मी छपाईला हात लावला नाही, पाहुण्या वक्त्यांच्या प्रवासखर्चाला लावला नाही. स्वयंपाकाच्या पाच बायकांच्या तीन केल्या. वाचले अठराशे रुपये. शेवटी आलेल्या बायका मात्र साठच. त्या तिघी दोन्ही रात्री एकपर्यंत भांडी घासत होत्या आणि पहाटे पाचला पोह्यांचे कांदे चिरत होत्या. आम्ही शेजारच्या दालनात ‘घरकामाचे मूल्य’ या विषयावर गटचर्चा घेत होतो. दुसऱ्या दिवशी एकीचा कणीक मळून खांदा धरला, तर तिला बाम लावून दिला. मूल्यमापनाच्या कागदावर साठांपैकी बहुतेकींनी लिहिले होते, ‘जेवण उत्तम, घरच्यासारखे.’

यंदाचे अंदाजपत्रकही मीच केले आहे. स्वयंपाकाला पाच जणी, आठ तासांपुढचे तास वेगळे मांडलेले, भांड्यांना दोन जणी निराळ्या, आणि त्या सातही जणींना दुपारच्या एका सत्रात येऊन बसता येईल असे वेळापत्रक. बेरीज गेल्या वर्षापेक्षा साधारण सहा हजारांनी वाढली. खजिनदारताईंनी त्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला आहे. येत्या रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे.